सापडेल त्याचा दगड

लालबागमध्ये मेटल डिटेक्टर म्हटलं की भाद्रपद आठवतो. राजाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या अंगावरून तो फिरलेला असतो. किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, सगळ्यांवर सारखाच कोकलतो. आकाशातून पडलेले दगड, म्हणजे अशनी, शोधायलाही असलंच यंत्र वापरतात हे मी चाळीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “किलोला काय भाव?” मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. माझंही मत तेव्हा त्याच वळणाचं होतं. ज्याच्या हाताला लागला, दगड त्याचा. सरकारनं मध्ये पडू नये. भारतात पडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, याला मी ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणायचो, आणि ते बऱ्यापैकी मोठ्या आवाजात. आज मी तसं म्हणत नाही. हे मत एका झटक्यात गेलं नाही, त्याचे एकेक टाके उसवत गेले.

ते आलं कुठून हे आधी सांगतो. ‘मीटिऑराइट मेन’ नावाचा अमेरिकन टीव्ही कार्यक्रम होता. त्यातल्या स्टीव्ह अर्नोल्ड या गृहस्थानं 2005 मध्ये कॅन्ससच्या ब्रेनहॅम भागात, शेतजमिनीखालून, डिटेक्टरच्या मदतीनं सुमारे 650 किलोचा एकच अशनी बाहेर काढला होता. शेतकऱ्याशी आधी करार, मग शोध, मग विक्री. तिकडे जमीन ज्याची त्याचा दगड, असा साधा हिशेब. गिरणीच्या फाटकासमोर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो न्याय्य वाटला. आमच्या बापजाद्यांनी राबून जे उभं केलं त्यातलं आमच्या वाट्याला काय आलं, हे 1982 च्या संपानंतर लालबाग-परळमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निदान आकाशातून पडलेलं तरी थेट माणसाच्या हातात पडावं, एवढीच माझी मागणी होती.

पहिला टाका उसवला तो मेहकर तालुक्यात, मेहुण्याच्या शेतात. लोणारचं विवर तिथून फार लांब नाही, म्हणून मी हौसेनं यंत्र घेऊन गेलो होतो. डिटेक्टरच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातू भेटला की त्यात विजेचे भोवरे उठतात आणि त्यांचं उलटं क्षेत्र यंत्राला ऐकू येतं. आपल्याकडची अडचण अशी की इथे जमीनच बोलते. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, त्या पाषाणाच्या काळ्या मातीतही ते उतरलेलं असतं. यंत्राला आधी ही जमिनीची बडबड गप्प करायला शिकवावं लागतं. नाणी शोधणारे लोक ‘लोखंड वगळ’ असंही यंत्राला सांगू शकतात. अशनी शोधणाऱ्याला ती सोय बंद ठेवावी लागते, कारण अशनीतला धातू म्हणजे मुख्यतः लोखंड आणि निकेलच. मग खिळा वाजतो, तार वाजते, फाळाचं टोक वाजतं. एकदा खणखणीत वाजलं. मी गुडघ्यावर बसून उकरू लागलो. मेहुण्यानं वरूनच पाहिलं आणि म्हणाला, “भाऊजी, हे तर आपल्याच बैलाची पत्री हाय. पोळ्यापासून शोधून राहिलो.”

त्यात बहुतेक अशनी दगडी असतात. नेहमी आढळणाऱ्या ‘एल’ गटातल्या दगडांत मोकळा धातू जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत. सहाराच्या कोरड्या हवेत ते हजारो वर्षं टिकतात. अंटार्क्टिकात तर बर्फावरचा काळा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. आपल्या पावसाळ्यात मात्र आतलं लोखंड गंजून दगड फुटत जातो, आणि शेजारी हुबेहूब तसेच काळे, जड, चुंबकाला किंचित ओढणारे धोंडे लाखांनी पडलेले असतात.

लोणारबद्दलही माझी समजूत भाबडी होती. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, तेव्हा आजूबाजूला तुकडे असणारच. आघातानंच ते झालं यात शंका नाही. आघाताच्या दाबानं काचेसारखं झालेलं मॅस्केलिनाइट तिथल्या खडकात मिळाल्याचं फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये छापलं. पण ज्यानं ते विवर पाडलं त्याचा एकही तुकडा आजवर हाती लागलेला नाही. एवढ्या वेगानं आदळलेली वस्तू बव्हंशी वितळून आणि वाफ होऊन जाते. ॲरिझोनातल्या विवराभोवती निदान लोखंडाचे तुकडे विखुरलेले होते; त्यांच्या जोरावर डॅनियल बॅरिंजर 1903 पासून तळाशी गाडलेला प्रचंड गोळा शोधत राहिले. 1929 मध्ये मोल्टन या खगोलशास्त्रज्ञानं गणित मांडून दाखवलं की तसा गोळा असूच शकत नाही. त्याच वर्षी बॅरिंजर वारले. लोणारच्या मोठ्या मारुतीची मूर्ती अशनीच्या दगडाची, कारण तिच्यापाशी होकायंत्र हलतं, असं सांगतात. होकायंत्र मेहुण्याच्या बांधावरच्या दगडापाशीही हलतं.

इथपर्यंत फक्त यंत्रावरचा विश्वास उडाला होता. मालकीचं मत शाबूत होतं. ते हललं काटोलमुळे.

22 मे 2012 च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर आकाश गडगडलं आणि दगड पडले. सुमारे 13 किलो गोळा झाले. वरचा जळका काळा पापुद्रा ताजा होता, आणि ते कधी आणि कुठे पडले हे सांगायला माणसं होती. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी इतरांसह त्यातल्या एका तुकड्याचा अभ्यास केला आणि 2021 मध्ये त्यात ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पृथ्वीच्या पोटात साधारण 660 किलोमीटरच्या खाली हे सगळ्यात विपुल खनिज, पण तिथून त्याचा नमुना वर आणायची सोय नाही. त्याला नाव मिळालं तेसुद्धा 2014 मध्ये, ऑस्ट्रेलियात 1879 ला पडलेल्या टेनहॅम अशनीतल्या कणांवरून. हे वाचताना मला माझंच जुनं वाक्य ऐकू येत होतं, सापडेल त्याचा दगड. काटोलचे सगळे तुकडे दिवाणखान्यांतल्या काचेच्या कपाटांत गेले असते, तर ते कण कुणाला कळले असते?

उरलेलं काम चुंबकानं केलं. अशनी ओळखायची रस्त्यावरची पहिली चाचणी म्हणजे चुंबक लावून बघणं. मीही फुटक्या स्पीकरचं चुंबक खिशात घेऊन फिरायचो. गणपती उरकले की लालबागमध्ये फुटक्या स्पीकरना तोटा नसतो. 2023 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी मंगळावरून आलेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या अशनीबद्दल लिहिलं. मंगळाच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची नोंद त्यात मिळेल अशी आशा होती. त्यांनी तपासलेल्या तुकड्यांतली ती नोंद शोधणाऱ्यांच्या हातातल्या चुंबकांनी पुसून टाकली होती. दगड हातात आहे, खरा आहे, आणि तरी त्यातली गोष्ट गेलेली. माझ्या चुंबकानं असं काही पुसलं नसणार, कारण चाळीतल्या लोकांनी माझ्याकडे आणलेले ‘अशनी’ एकजात गिरण्यांच्या बॉयलरखाली वितळून घट्ट झालेले राखेचे गोळे होते. पण ते श्रेय माझं नव्हे, गिरण्यांचं.

म्हणून आता मी म्हणतो की पडलेला दगड सर्वेक्षणाकडेच जावा. हे म्हणताना मी सरकारी गोटात सामील झालेलो नाही. भांडण मिटलं नाही, विषय बदलला. सर्वेक्षणाचा संग्रह कोलकात्याला. ज्या गावावर दगड पडला त्या गावच्या शाळेत त्याची नखाएवढी चकती काचेखाली हवी, खाली तारीख आणि वेळ लिहिलेली. अभ्यासाला मोजके ग्रॅम पुरतात, तेवढी चकती कापून देण्यानं काही बुडत नाही. गावाकडून घ्यायचंच आणि परत काहीच द्यायचं नाही, तर पुढचा दगड गुपचूप बाजारात जाईल, आणि त्यात मला नवल वाटणार नाही.

मेहुण्याला हे सगळं पटलं. वावरात दगड पडला तर हात न लावता फोटो काढायचा, वेळ टिपायची, धुवायचा नाही, चुंबक लावायचं नाही, तहसीलदारांना कळवायचं. त्यानं मान डोलावली. मग विचारलं, “पण भाऊजी, तो पाहाले सारा तालुका येईन. सोयाबीन तुडवलं जाईन, त्याची भरपाई कोन देईन?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही.