हंगामाबाहेरचं बेट

२९ जून २०२४च्या रात्री बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी टीव्ही चालू होते. बार्बाडोसमध्ये, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर तेव्हा सकाळचं ऊन होतं. घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माच्या संघानं टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवलं आणि गल्ल्यांतून फटाके वाजले. पुढचे काही दिवस मात्र बातमी क्रिकेटची राहिली नाही. बेरिल नावाचं चक्रीवादळ येत होतं. बार्बाडोसचा विमानतळ बंद झाला, विश्वविजेते हॉटेलातच अडकले आणि अखेर खास विमानानं ४ जुलैच्या सकाळी दिल्लीत उतरले. त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर गर्दीला अंत नव्हता.

त्या चार दिवसांत एक गोष्ट उपनगरातल्या पुष्कळ घरांना पहिल्यांदा कळली: कॅरिबियनलाही ऑफ सीझन असतो, आणि आपला संघ नेमका त्यातच तिथं गेला होता. १९७१मध्ये अजित वाडेकरांचा संघ फेब्रुवारी ते एप्रिल तिथं होता. पदार्पणाच्या त्या मालिकेत सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, त्या कोरड्या महिन्यांत. २००७चा विश्वचषकही मार्च-एप्रिलमध्ये झाला. २०२४ची स्पर्धा आयपीएल संपल्यावर, म्हणजे जूनमध्ये आली. गयानातल्या उपांत्य सामन्यात पावसानं खेळ अडवला तो उगीच नव्हे.

या बेटांचा महागडा काळ डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इथली माणसं थंडीला कंटाळून निघतात आणि खोल्यांचे दर चढतात. त्यांच्याकडे वसंत आला की दर उतरतात. चक्रीवादळांचा अधिकृत मोसम मात्र १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत एक फट उरते: गर्दी गेलेली, वादळांचा मोसम अजून सुरू न झालेला. अंधेरी-घाटकोपरच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी नेमकी या फटीत बसते. इतक्या दूरच्या दोन वेळापत्रकांनी असं जुळून यावं, हा या सगळ्या नियोजनातला सर्वात आनंदाचा भाग आहे.

मे महिन्यात तिथं आंबाही असतो. १७८२मध्ये इंग्रजांनी मॉरिशसहून निघालेलं एक फ्रेंच जहाज पकडलं. त्यावर रोपं होती, आणि त्यांतूनच आंबा जमैकात पोचला. आज तिथल्या लाडक्या जातींपैकी एकीचं नाव आहे बॉम्बे. बार्बाडोसच्या राष्ट्रीय पदार्थात मक्याच्या पिठाच्या कू-कूबरोबर जो उडता मासा असतो, त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते जून. तेव्हा मेमध्ये जाणाऱ्याच्या ताटात तो ताजा पडतो. त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावर ग्राँद रिव्हिएरला याच दिवसांत लेदरबॅक कासविणी रात्री वाळूत अंडी घालायला येतात. तिथं जायला वनखात्याचा परवाना लागतो आणि सोबत वाटाड्या असतो. कोकणात वेळासला पहाटे ऑलिव्ह रिडलीची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलेल्या मुलांना ही मोठी आई पाहायला न्यावं, असं मनापासून वाटतं.

एक उणी बाजू सांगायलाच हवी. २०११पासून सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ वसंत-उन्हाळ्यात या किनाऱ्यांवर ढिगानं येऊन पडतं आणि कुजलं की दुर्गंधी सुटते. बार्बाडोसच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांना त्याचा जाच जास्त, पश्चिमेला कमी. जाहिरातीतल्या फोटोत ते दिसत नाही. म्हणून खोली कोणत्या किनाऱ्यावर आहे, हे दराच्या आधी विचारावं.

दिवाळीच्या सुट्टीचं गणित वेगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांच्या मोसमातच येतात, जरी त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत असतो. तापलेला समुद्र वादळाला बळ देतो आणि पृथ्वीचं फिरणं त्याला पीळ देतं. विषुववृत्ताजवळ हा पीळ कमी पडतो. त्यातून अटलांटिकवरून येणारी बहुतेक वादळं उत्तरेकडे वळत जातात. दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या जवळ असलेल्या अरुबा, क्युरासाओ, बोनेर आणि त्रिनिदाद या बेटांना म्हणूनच थेट तडाखा क्वचित बसतो. क्वचित, कधीच नाही असं नव्हे. बेरिलनं बार्बाडोसच्या दक्षिणेकडून जात १ जुलैला ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर घाला घातला आणि बहुतेक घरांची छपरं उडवली. पुढे ते पाचव्या श्रेणीला पोचलं. अटलांटिकमध्ये वर्षात इतक्या लवकर या श्रेणीचं वादळ नोंदींमध्ये आधी नव्हतं.

अंधेरीच्या वेसावे कोळीवाड्याकडे पाहिलं की या दोन समुद्रांतला फरक जाणवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि मग नारळी पौर्णिमेला नारळ देऊन दर्याला पुन्हा हात जोडायचे. आपला पाऊस घोषणा करून येतो. जुलै-ऑगस्टच्या भर मोसमात अरबी समुद्रात चक्रीवादळ सहसा उठत नाही. निसर्ग वादळ आलं ते ३ जून २०२०ला, तौक्ते मे २०२१मध्ये. कॅरिबियनच्या सहा महिन्यांत बरेच दिवस लख्ख उन्हाचे, मधूनच एखादी सर. कुठल्या आठवड्यात काय उठेल ते आधी कळत नाही, आणि सहा महिने बोट बांधून ठेवणं कुठल्याच कोळ्याला परवडत नाही. बेरिलच्या लाटांनी ब्रिजटाउनच्या बंदरात मासेमारीच्या दोनशेच्या आसपास बोटी फोडल्या किंवा बुडवल्या. आपल्याला संघ कधी परततो याची काळजी होती; त्या घरांचं वर्ष गेलं.

म्हणून ऑफ सीझनची योजना आखताना स्वस्ताईच्या पलीकडे दोन-चार गोष्टी नीट बघाव्यात. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादला भारतीय पासपोर्टवर सुट्टीसाठी व्हिसा लागत नाही, पण मुंबईहून थेट विमान नाही. वाटेत अमेरिकेत विमान बदललं तर अमेरिकेचा व्हिसा हवाच. त्याला लागणारा वेळ धरला तर मेच्या सहलीची तयारी आदल्या पावसाळ्यातच करावी लागते. अरुबा, क्युरासाओसाठी व्हिसाचे नियम निराळे. प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढावा, कारण वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर काढलेला विमा त्या वादळाचं नुकसान सहसा भरून देत नाही. हॉटेल रद्द करण्याच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात.

आणि तिथल्या माणसांचा हंगाम कोणता, तेही बघावं. बार्बाडोसचा क्रॉप ओव्हर हा ऊसतोडणी संपल्याचा जुना उत्सव १९७४मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याचा शेवटचा दिवस, कडूमेंट, ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी येतो, ऐन वादळांच्या मोसमात. पाहुणे कमी असताना बेट आपल्या घरच्यांसाठी नाचतं. जोखीम पत्करून तेव्हा जाणाऱ्याला ते पाहायला मिळतं.

बेटांवरची बरीच हॉटेलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डागडुजीसाठी बंद होतात, आणि तेवढे दिवस तिथं काम करणाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. खोली ठरवताना ‘तुम्ही सप्टेंबरात उघडे असता का, माणसं वर्षभर कामावर ठेवता का?’ एवढं एका ईमेलनं विचारता येतं. उत्तर ‘हो’ असेल तर दर थोडा जास्त असला तरी तिथंच राहावं.