पोस्टकार्डाएवढी जागा

दादा जर्मनीला गेला तेव्हा त्याची २०१३ची पेट्रोल स्विफ्ट माझ्या दारात राहिली. मी सूसला राहते, शाळेत गणित शिकवते. गाडी चालवायला मला पहिल्यापासून आवडतं, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला वेगात वळण घ्यायला नीट शिकायचं होतं. सूस २०२१मध्ये पुणे महापालिकेत गेलं, पण नांदेकडे जाणाऱ्या रस्त्यावर काँक्रीटचे मिक्सर, डंपर, शाळेच्या बस आणि पायी चालणारी माणसं सगळी एकाच पट्ट्यात असतात. तिथे वेग शिकायचा नसतो. ताम्हिणीत तर मुळीच नाही. रविवारी पहाटे घाटात गाड्या पळवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण समोरून येणाऱ्या एसटीतल्या लोकांना कुणी विचारलेलं नसतं.

ट्रॅक म्हटलं की तोवर मला दूरचीच नावं माहीत होती. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट. आमच्या मुळशीत आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाड्यांच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, पण त्या सरळ रेषेतल्या. मग तळेगावजवळ नाणोलीला ट्रॅक झाल्याचं कळलं. तिथे ‘ट्रॅक-डे’ असतात, म्हणजे शर्यत नाही, आपली गाडी न्यायची आणि फेऱ्या मारायच्या. मी नाव नोंदवलं आणि त्याच संध्याकाळी टायरच्या दुकानात गेले.

दुकानदार काकांनी विचारलं, “मॅडम, साइज काय?” मी बाहेर जाऊन टायरवरून वाचून आले: १६५/८० आर १४ ८५ टी. मी म्हटलं, “रुंदी १६५ मिलिमीटर, उंची ८०, रिम १४ इंच.” काका काही बोलले नाहीत. काउंटरवरची फूटपट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. मी टायरच्या कडेला लावली तर उंची भरली तेरा सेंटिमीटरांहून जरा जास्त. ते ८० म्हणजे मिलिमीटर नव्हेत, रुंदीच्या ८० टक्के. १६५चे ८० टक्के १३२. आर म्हणजे रेडियल, ८५ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ५१५ किलो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. शेकडेवारी मी सातवीला दरवर्षी शिकवते, आणि तीच मला टायरवर ओळखता आली नाही.

मला चाकं १७ इंची अलॉयची हवी होती. का, ते मला सांगता आलं नसतं. ट्रॅकवरच्या गाड्यांच्या फोटोंत चाकं मोठी दिसतात एवढंच. दुकानात एक चकचकीत सेट होता. आमच्या शाळेतले एक सहकारी जुन्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी सांगितलं, “घ्यायच्या आधी वजन करा.” विमानाच्या बॅगा तोलायचा हातकाटा दादाने ठेवून दिला होता, तो घेऊन मी पुन्हा गेले. १७ इंची रिम भरली सव्वादहा किलो. आमची १४ इंची, काळी, पत्र्याची रिम टायर काढून तोलली, तर साडेसहा. अलॉय म्हणजे हलकं असं मी धरून चालले होते. पण अलॉयमध्येही प्रकार असतात. साच्यात ओतलेलं स्वस्त चाक ताकद यावी म्हणून जाड ठेवतात. दाबून, घडवून केलेलं चाक पातळ असून मजबूत असतं, आणि त्याची किंमत माझ्या दोन पगारांपुढे जाते. ओतीव आणि घडीव हे दोन शब्द मी भांड्यांच्या दुकानात कितीदा ऐकले असतील, चाकाला ते लागू पडतील असं कधी मनात आलं नव्हतं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, खड्ड्यावरून उडालेलं जड चाक जमिनीवर परत यायला वेळ लावतं, आणि शिवाय ते प्रत्येक वेळी फिरवायचं आणि थांबवायचं असतं. १७ इंच तिथेच सुटले. १५ इंची, ६ जे ठरले. ६ जे म्हणजे रिमची रुंदी सहा इंच, आणि जे हा तिच्या काठाचा आकार.

जुना १५ इंची सेट विकणारा एक जण मिळाला. फोनवर त्याने विचारलं, “तुमचा पीसीडी किती?” ज्या वर्तुळावर नट बसतात त्याचा हा व्यास, हे मी वाचून ठेवलं होतं. स्टेपनीवर दोन भोकांमधलं अंतर मोजलं आणि सांगितलं, “७१ मिलिमीटर.” तो म्हणाला, असा पीसीडी त्याने आयुष्यात ऐकलेला नाही. मी पुन्हा मोजलं, पुन्हा ७१. रात्री वही घेऊन बसले आणि चौकोन काढला तेव्हा उलगडलं. चार भोकं म्हणजे चौरसाचे चार कोन. मी शेजारच्या दोन भोकांमधलं, म्हणजे बाजूचं अंतर मोजत होते. व्यास म्हणजे कर्ण. ७०.७ गुणिले वर्गमूळ दोन बरोबर १००. स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १००, अगदी साधा, सगळ्यांना तोंडपाठ असलेला. सकाळी मी फोन करून चूक कबूल केली. तो इतका चांगला माणूस, म्हणाला, “ताई, मला आता कळलं ते ७१ कुठून आले.”

चाकं आली, बसवली, आणि बायपासवर ताशी ८०–९०ला स्टिअरिंग थरथरायला लागलं. जिथे बसवली तिथे दोनदा बॅलन्सिंग केलं, पैसे दोनदा दिले, थरथर तशीच. शेवटी पाषाणच्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी चाक काढलं आणि हबवर बोट ठेवून दाखवलं. स्विफ्टच्या हबची मधली उभार गोलाई ५४.१ मिलिमीटर, माझ्या रिमचं मधलं भोक ७३.१. कुठल्याही गाडीला चालावं म्हणून बाजारातली चाकं मोठ्या भोकाची करतात. मधली फट भरणारी एक साधी कडी लागते, हब रिंग. ती नसेल तर चाक फक्त नटांवर टांगलं जातं आणि केसभर एका बाजूला बसतं. चार प्लास्टिकच्या कड्या बसल्या आणि थरथर गेली. त्या कड्या हातात घेतल्या तर बरणीच्या झाकणातल्या रबरासारख्या दिसत होत्या. मी एवढा अभ्यास केला होता आणि हे नावसुद्धा माझ्या वहीत नव्हतं.

आता टायर. टायरच्या दुकानातल्या काकांना मी विचारलं, “सगळ्यात जास्त टिकेल तो कोणता?” ते म्हणाले, “मॅडम, टिकणारा हवाय की धरणारा?” हा प्रश्न मी अजून मनात घोळवते. कडक रबर हळू झिजतं आणि कमी धरतं. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं, धरून ठेवतं आणि भराभर संपतं. काही टायरांच्या कडेला ‘ट्रेडवेअर’ म्हणून आकडा असतो, आकडा मोठा तितका टायर जास्त टिकणारा. ट्रॅकची हौस असलेले लोक जगभर २००च्या आसपासचा शोधतात. काकांकडच्या टायरांवर ३००च्या पुढचे आकडे होते. मऊ टायर बहुतेक परदेशी, आणि जून २०२०मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. शर्यतीतला गुळगुळीत स्लिक, म्हणजे मुद्दाम गोटा केलेला टायर, मला चालणारच नव्हता. मला त्याच टायरवर सूसहून नाणोलीला जायचं आणि परत यायचं होतं, आणि पाण्याला वाट करून द्यायला खाचा लागतात. कायद्यालाही किमान १.६ मिलिमीटर खोल खाच लागते.

मध्येच एकाने जवळजवळ न वापरलेले मऊ टायर स्वस्तात देऊ केले. नक्षी कोरी होती. काकांनी कडेवरच्या लांब कोडातले शेवटचे चार आकडे दाखवले: १४१६. २०१६चा चौदावा आठवडा. “नख लावून बघा.” मी अंगठ्याचं नख दाबलं. काकांच्या नव्या टायरवर नखाची खूण उमटून हळूहळू भरत होती, याच्यावर नखच मागे वाकलं. टायर पळाला नाही तरी म्हातारा होतो हे त्या दिवशी बोटाला कळलं.

शेवटी देशी रस्त्याचाच टायर घेतला, १९५/६० आर १५. हिशेब या वेळी नीट केला. जुना: १३२ दुणे २६४, अधिक १४ इंचांचे ३५५.६, एकूण ६१९.६ मिलिमीटर. नवा: ११७ दुणे २३४, अधिक ३८१, एकूण ६१५. फरक पाच मिलिमीटरांहून कमी, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. मला समाधान वाटलं आणि मी आणखी एक गणित केलं. माझ्यासकट गाडी हजार किलो धरली तर एका चाकावर सरासरी २५० किलो. टायरमधल्या हवेचा दाब ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार आला १११ चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्ड असतं १४ बाय ९, म्हणजे १२६. एका टायरचा जमिनीला लागणारा भाग पोस्टकार्डाहूनही लहान. मी कपाटातून एक जुनं पोस्टकार्ड काढलं, पार्किंगमध्ये चाकाशेजारी ठेवलं आणि बराच वेळ बघत उभी राहिले. ब्रेक, वळण, थांबणं, माझा जीव, सगळं अशा चार कार्डांवर.

नाणोलीला मी देहूरोडमार्गे पहाटेच निघाले. टायरमध्ये ३६ पीएसआय नायट्रोजन भरला होता. जास्त हवा म्हणजे जास्त सुरक्षित असं मला वाटायचं. ट्रॅकवर सोडण्याआधी गाडी तपासतात. एका मुलाने पाना लावला आणि मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला. नवी चाकं बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी नट पुन्हा आवळायचे असतात, एकामागून एक गोल नव्हे, फुलीने, समोरासमोरचे. मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं. माझे हात थोडे गार पडले.

पहिल्या दोन फेऱ्या सुंदर गेल्या. चौथ्या फेरीला स्टिअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक बाहेरच जाऊ लागलं. गाड्या थांबवायच्या जागी, पिटमध्ये, शेजारी एक अनुभवी दादा होते. त्यांनी विचारलं, “गरम प्रेशर किती?” माझ्याकडे गेजच नव्हता. त्यांनी स्वतःचा लावला: ४४. मी म्हटलं, मी तर ३६ भरले होते, शिवाय नायट्रोजन आहे. ते म्हणाले, “साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापला की तोही फुगतो.” नंतर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मला ते मांडून दाखवलं. ३६मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवायचे, तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. २५ अंशांचा टायर ७०वर गेला की उत्तर ४४च्या आसपास येतं. भरून दिलेल्या नायट्रोजनचा खरा फायदा एवढाच, की तो कोरडा असतो. फुगलेल्या टायरचं पोट पुढे येतं, खांदे उचलले जातात, आणि माझं पोस्टकार्ड आणखी लहान होतं.

दादांनी विचारलं, “खडू आहे का कुणाकडे?” त्या दिवशी माझ्याकडे असलेली ही एकच उपयोगी वस्तू होती. पर्समध्ये कायम असतो. त्यांनी प्रत्येक टायरच्या खांद्यावर, नक्षीच्या काठापासून कडेपर्यंत, आडवी रेघ ओढली. टायरच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोण असतो, खडू तिथपर्यंत पुसला जायला हवा. ४४वरच फेऱ्या मारून आले, तर माझा खडू त्रिकोणाच्या बराच अलीकडे शिल्लक होता. हवा सोडून ३६ केली, फेऱ्या मारल्या, खडू जवळजवळ त्रिकोणाला टेकला, आणि गाडीचं नाक मी म्हणेन तिकडे वळू लागलं. कमी केल्याने इतकं सुधारलं, तर आणखी कमी करावं असं मला वाटलं. कुणाला न विचारता ३३ केली. पुढच्या फेऱ्यांनंतर पुढच्या टायरांची रेघ त्रिकोण ओलांडून कडेवरच्या अक्षरांपर्यंत पुसली गेली होती. टायर वळणात आडवा पडून स्वतःच्या कडेवर चालला होता.

त्याच कडेला मी हात फिरवला तर बाहेरच्या खांद्यावर रबराच्या बारीक शेवेसारख्या कड्या आल्या होत्या, कोमट आणि चिकट, बोटाला लागून येणाऱ्या. आतला खांदा मात्र कोराच. दादांनी सांगितलं की वळणात गाडी कलते तेव्हा चाकही बाहेर कलतं, म्हणून शर्यतीच्या गाड्यांची चाकं वरून थोडी आत झुकवून ठेवतात, त्याला कॅम्बर म्हणतात. स्विफ्टला पुढे तो बदलायची सोय कारखान्यातून नसते, वेगळे बोल्ट घालावे लागतात. मी वहीत लिहून घेतलं, पुढच्या वेळेसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन काका म्हणाले, “मॅडम, चारही चाकांत हवा कमी दिसतेय.” नवा गेज लावला: २७. ३३ होती ती गरम असताना. रात्रभर थंड होऊन एवढीच उरली होती, आणि मी तशीच, परत हवा न भरता, हायवेवरून घरी आले होते. हे वाचणारं कुणी ट्रॅकला गेलंच तर निघण्याआधी हवा भरून घ्या. मी भरली नाही, आणि केवळ नशिबाने काही झालं नाही.

पुढचे खांदे झिजले म्हणून रविवारी मी स्वतः चाकांची अदलाबदल केली. जॅक, पाना, दोन तास. नटांची फुली डोक्यात पक्की बसली होती, म्हणून चाकंही फुलीने बदलली: पुढचं डावं मागे उजवीकडे, पुढचं उजवं मागे डावीकडे. सगळं आवळून झालं, गेज लावला, आकडे वहीत उतरवले. मग खडूची रेघ ओढायला मागच्या उजव्या चाकाशी वाकले, तेव्हा कडेवर एक बाण दिसला, शेजारी ‘रोटेशन’ लिहिलेलं. बाण गाडीच्या मागच्या बाजूला धावत होता. असे टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी केलेले असतात. ते पुढून मागे, पण आहे त्याच बाजूला बदलायचे.

मी पुन्हा जॅक लावला.