आंटी म्हणजे मुळात आत्याच!

माझे माहेर मराठी, सासर कन्नड. सासरी आल्यावर सर्वांत नवल वाटले ते ‘अत्ते’ या शब्दाचे. सासूबाई अत्ते, यजमानांच्या वडिलांची बहीण अत्ते आणि मामीसुद्धा अत्तेच! आत्याच्या किंवा मामाच्या घरात सोयरीक करण्याची जुनी चाल या शब्दात मुरलेली आहे.

नात्याचा शब्द असा कुळाचार सांगतो. फ्रेंच भाषेतला ‘तांत’ हा शब्दही तसाच. आज फ्रान्समध्ये आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्याच ‘तांत’. मूळ लॅटिन शब्द मात्र ‘अमिता’, म्हणजे फक्त वडिलांची बहीण. मावशीला रोमन लोक ‘मातेर्तेरा’ म्हणत. त्यात ‘मातेर’ म्हणजे आई आहे, जशी आपल्या मावशीच्या मुळाशी असलेल्या संस्कृत ‘मातृष्वसा’त माता आहे. ‘अमिता’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘आंत’ झाले आणि पुढचा ‘त’ बहुधा मुलांच्या बोबड्या बोलातून चिकटला.

पुरुषांचे उलटे झाले. काकांचा ‘पात्रुउस’ हा शब्द लोपला. मामाचा ‘अवुंकुलुस’, म्हणजे ‘छोटे आजोबा’, तेवढा टिकला. त्याचे ‘ओंक्ल’ झाले आणि काकाही त्यातच आले.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे त्यांच्या फ्रेंचमधून हे दोन्ही शब्द इंग्रजीत शिरले आणि तिथून आपल्या घरात आले. म्हणजे मुले मावशीला आंटी म्हणतात तेव्हा नकळत तिला आत्या करतात आणि काकांना अंकल म्हणताना मामा!

यात बिघडले काय, असे कुणी म्हणेल. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच लागते. मुलीला बोहल्यावर मामाच आणतो. कन्नड घरांतही सोदरमावाचा मान मोठा. आंटी-अंकलना असा मान कुठला? सगळी नाती एका शब्दात कोंबली, की कुणावर कुणाचा हक्क आणि कुणाची कोणती जबाबदारी, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागते.

शेजारणीला खुशाल आंटी म्हणावे. पण आपल्यासारख्या घरांत आईच्या धाकट्या बहिणीसाठी मावशी आणि चिक्कम्मा असे दोन गोड शब्द आयते आहेत. तिसरा, तोही आत्याचा, तिला कशाला?