अनुमान काढतात, अटकळ बांधतात

अंदाज, तर्क, कयास, अनुमान, अटकळ. खात्री नसलेल्या गोष्टीसाठी मराठीत शब्दांची कमी नाही. शब्दकोशात एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलेला सापडतो. पण त्यांच्यासोबतची क्रियापदं कधी नीट पाहिलीत? अंदाज घेतात किंवा तो येतो, जसा भाजीतल्या मिठाचा हाताला येतो. अनुमान काढतात, म्हणजे काढायला आधी काहीतरी हवं. डोंगरावर धूर दिसतोय, तेव्हा तिथे विस्तव असणार, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण अनुमानाचंच. अटकळ मात्र बांधतात, आणि सामान कमी पडलं तर पदरचं घालून बांधतात!

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही सगळे जमलो होतो. वहिनीचं वजन चारेक किलो वाढलेलं, दुपारी तिला सारखी झोप येत होती. आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मग, गोड बातमी कधी सांगतेस?" वहिनी नुसती हसली. संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदन सुरू झालं, कोणी तर बाळासाठी नावंही सुचवली.

वहिनीला थायरॉइड निघाला होता, नुकतीच गोळी सुरू झाली होती. त्याआधी दीड वर्ष ती आणि दादा बाळासाठी दवाखान्याच्या फेऱ्या मारत होते, हे फक्त आईला आणि मला ठाऊक. कामाला बाई असूनही त्या रात्री वहिनी एकटीच भांडी घासत बसली.

आत्या मनाने वाईट नाही, तिला खरंच आनंद झाला होता. पण तिच्या मेसेजमध्ये 'मला वाटतं' हे दोन शब्द नव्हते. वर्तमानपत्रं निदान 'अशी अटकळ बांधली जात आहे' असं लिहून मोकळी होतात. घरात तेवढंही कोणी म्हणत नाही.

याबाबतीत गणितवाले फार कडक. १७४२ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून एक अटकळ पुढे आली: २ पेक्षा मोठी कोणतीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. ८ म्हणजे ३ अधिक ५, २० म्हणजे ७ अधिक १३. संगणकाने अवाढव्य आकड्यांपर्यंत तपासून पाहिलं, एकही अपवाद सापडला नाही. तरी सिद्धता मिळालेली नाही, म्हणून तिला अजून अटकळच म्हणतात.

आमच्या आत्याला चार किलो पुरले.