माणशी किती एकर?



चार दिवस झाले, रानात वाफसा नाही. सोयाबीनची कोळपणी थांबलीय, फवारणीला उघडीप नाही. म्हणून आजची नोंद रानातली नाही, कॉम्प्युटरमधल्या शेतीची आहे. पुतण्यानं घरातल्या कॉम्प्युटरवर जुने गेम टाकून दिलेत. त्याला वाटलं, तात्या पत्ते खेळत बसतील. मी ज्या ज्या गेममध्ये शेती दिसली तेवढे बघितले.

पहिला लढाईचा, 'एज ऑफ एम्पायर्स २', १९९९ सालचा. सैन्य पोसायला शेतं लागतात. एका शेताला ६० लाकूड खर्च, त्यातून १७५ धान्य, मग शेत संपलं. परत लाकूड घाला, परत पेरा. सुधारणा तीन: घोड्याचा गळपट्टा, जड नांगर आणि शेवटी पिकांची फेरपालट. तिन्हींत जास्त वाढ फेरपालटीनं मिळते. हे मात्र बरोबर धरलंय. पण पाऊस नाही, अळी नाही, तण नाही. शेत म्हणजे नुसती धान्याची टाकी.

दुसरा जपानचा, 'हार्वेस्ट मून', १९९६ सालचा. एक पोरगा पडीक रान साफ करतो, पेरतो, रोज झारीनं पाणी घालतो. ऋतू बदलला की पीक गेलं. इथवर पटतं. पुढं गंमत आहे. माल पेटीत टाकायचा, संध्याकाळी ५ वाजता माणूस येऊन घेऊन जातो आणि ठरलेला भाव देतो. हमाली नाही, तोलाई नाही, आवक वाढली म्हणून भाव पडला हे नाही. आमची मंडळी म्हणाली, मग त्याच गावाला राहायला जाऊ.

तिसरा प्रवासाचा, 'ओरेगॉन ट्रेल'. १८४८ साली अमेरिकेत बैलगाडीनं पश्चिमेला निघालेल्या कुटुंबांचा. १९७१ साली मिनेसोटातल्या तीन होतकरू शिक्षकांनी तो शाळेसाठी केला. १९८५ च्या आवृत्तीत आपण कोण ते आधी निवडायचं. बँकवाल्याला १६०० डॉलर, सुताराला ८००, शेतकऱ्याला ४००. त्यातच बैल, धान्य, कपडे, गाडीचं सामान घ्यायचं. पण शेतकरी होऊन पोचलात तर गुण तिप्पट. बनवणाऱ्यांना काहीतरी माहीत होतं म्हणायचं.

मला खरं अडकवलं ते यातल्या सगळ्यात जुन्यानं. नाव 'हमुराबी'. चित्र नाही, आवाज नाही, नुसते आकडे. मूळ खेळ १९६४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल ॲडिस नावाच्या शाळेच्या बाईंचा. सुमेर, म्हणजे आजच्या इराकच्या भागातलं पुरातन राज्य, सहावीच्या पोरांना समजावं म्हणून त्यांनी तो आयबीएमच्या माणसाबरोबर तयार केला. १९६८ साली डग डायमेंटनं त्यावरून छोटा खेळ लिहिला आणि १९७३ साली तो डेव्हिड आल यांच्या पुस्तकातून घरोघर गेला.

तुम्ही राजा. १० वर्षं राज्य करायचं. सुरुवातीला १०० माणसं, १००० एकर, कोठारात २८०० बुशेल धान्य. बुशेल म्हणजे गव्हाचे साधारण २७ किलो धरा. दरवर्षी तेच प्रश्न: जमीन घेणार की विकणार? खायला किती देणार? पेरणार किती? माणशी २० बुशेल खायला लागतं. एक बुशेल बी दोन एकराला. एका माणसाच्यानं १० एकरच होतात. उतारा एकरी १ ते ५ बुशेल, चिठ्ठी टाकल्यासारखा. शिल्लक धान्याला उंदीर लागले तर कधी पाव जातं, कधी निम्मं.

कृषी खात्यातली मंडळी हसतील. एकरी साडेतेरा किलो बी आणि उतारा फार तर १३५ किलो! आपण बागायती गव्हाला एकरी ४० किलो बीच टाकतो. पण आकडे सोडा, मांडणी बघा. पहिल्या वर्षी खायला २०००, बियाला ५००, शिल्लक ३००. उतारा ३ चा पडला तर वर्ष निभतं. १ चा पडला तर १००० येतात, शिलकीसकट १३००. खायलाच २००० पाहिजेत, बी वेगळं.

मग जमीन विकायची. भाव एकरी १७ ते २६ बुशेल. म्हणजे एक एकर विकला की एका माणसाचं एका वर्षाचं पोट भरतं. तोच एकर बी वजा जाता वर्षाला सरासरी अडीच बुशेल देतो. आठ वर्षांत २० झाले असते आणि एकर आपल्याच नावावर राहिला असता.

दहा वर्षांनी निकाल. मला वाटलं, कोठार किती भरलं ते बघतील. नाही. दोनच गोष्टी बघतात: उपासमारीनं माणसं किती गेली, आणि माणशी किती एकर जमीन उरली. सुरुवात माणशी १० ची. ७ च्या खाली आलात तर शिव्या देऊन हाकलतात.

तिथं मी थांबलो आणि वहीत घरचं मांडलं. आजोबांचे १८ एकर, खाणारी तोंडं ९, माणशी २ एकर. दोन वाटण्या झाल्या. आज माझे साडेचार एकर, माणसं ५, माणशी ३६ गुंठे. रस्त्याकडच्या २० गुंठ्यांना प्लॉटसाठी मागणी आहे, एजंट दर आठ दिवसाला येतो. दिले तर माणशी ३२. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता जानेवारीत आहे. घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही खोटी नाहीत.

खेळात धान्य हाच पैसा, म्हणून एकच चिठ्ठी. आपल्याला उताऱ्याची एक आणि भावाची दुसरी. म्हणून मी तीन आकडे लिहून काढले: विकून किती येतील, फी आणि देणं जाऊन त्यातले किती उरतील, आणि तेच २० गुंठे आठ वर्षांत पडत्या भावानं काय देतील. तिसरा आकडा लहान आहे, हे मान्य. पण त्याच्या शेजारी जमीन शिल्लक दिसते, पहिल्याच्या शेजारी दिसत नाही.

फी भरायचीच आहे, त्यात दुमत नाही. सोयाबीन आणि तुरीतून किती निघते ते संक्रांतीपर्यंत कळेल. तोवर एजंटला थांब म्हणलंय.

तुमच्याकडं माणशी किती गुंठे येतात ते एकदा मांडून बघा. इथं लिहायला नको वाटलं तर लिहू नका, पण घरात सगळ्यांसमोर मांडा.