पोरीला पायलट व्हायचंय

नवी मुंबई विमानतळाच्या उलव्याच्या धावपट्टीवरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली आणि आमच्या कर्जत-खालापूरकडच्या आईबापांच्या तोंडी एक प्रश्न येऊन बसला. पोराला, आणि आता तितक्याच वेळा पोरीला, पायलट करावं का? मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचो. निवृत्त झालो तरी बारावीचा निकाल लागला की लोक घरी येतातच. पूर्वी विचारायचे, इंजिनिअरिंगला कुठलं कॉलेज बरं? आता फ्लाइंग स्कूलचं गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर ठेवतात. चहा संपायच्या आत जमिनीचा विषय निघतो.

तो निघणारच. व्यावसायिक परवाना हातात पडेपर्यंत आज पन्नास-साठ लाख रुपये सहज जातात. त्यानंतर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग करावं लागतं, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि आमच्याकडे तारण म्हणजे सातबारा. विमानतळ जवळ आल्यापासून दलाल बांधापर्यंत येऊन भाव सांगून जातात. चार-सहा गुंठे काढले की पोरगं पायलट, असा हिशेब घराघरात मांडला जातो.

या जिल्ह्यात विमान आणि जमीन यांचं नातं साधं नाही. विमानतळ १,१६० हेक्टरांवर उभा आहे. त्यासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. त्याला दि. बा. पाटलांचं नाव देण्याचा ठराव राज्यानं केलेला आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांनी उभ्या केलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी गेले, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. जमीन गेल्यावर माणसाचं काय होतं हे रायगडला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. पायलट जरूर व्हावं. ते आजही उत्तम काम आहे. पण घरातला शेवटचा तुकडा विकून होऊ नये, आणि पैसा बाहेर काढण्याआधी दोन गोष्टी पार पडल्याशिवाय तर मुळीच नाही. त्या दोन गोष्टींकडे येतो.

आधी काम काय असतं ते बघू. त्यासाठी कर्जतकरांना लांब जायला नको. भोर घाट १८६३ साली सुरू झाला तेव्हापासून हे रेल्वेचं गाव आहे. दर ३७ फुटांना एक फूट असा चढ, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडायची आणि लोणावळ्यापर्यंत रेटायचं. आमच्या शेजारचे एक लोको पायलट उभी हयात या घाटात वरखाली करून निवृत्त झाले. रात्री अडीचला कॉल आला की डबा, टॉर्च आणि चष्म्याचा दुसरा जोड पिशवीत. लॉबीत गेल्यावर आधी नळीत फुंकायचं, यंत्रावर शून्य दिसलं की मग सही. घाट उतरताना गाडी थांबवून ब्रेकची खात्री करायची. काल केली होती म्हणून आज सोडायची नाही. ठरावीक मुदतीनं डोळे तपासायचे, रंगीत ठिपक्यांच्या पानावरचा आकडा वाचून दाखवायचा.

विमानाच्या पायलटचा दिवस यापेक्षा फार वेगळा नसतो. तीच फुंकर, तोच चष्म्याचा दुसरा जोड, तीच ठिपक्यांची पानं. चेकलिस्ट तोंडपाठ असली तरी मोठ्यानं वाचायची आणि शेजारच्यानं उत्तर द्यायचं. वर्षाला १,००० तासांच्या वर उडायचं नाही. ठरावीक काळानं सिम्युलेटरमध्ये बसून इंजिन बंद पडल्याची परीक्षा पुन्हा द्यायची, केस पिकले तरी. माहितीपत्रकात गॉगल असतो, पुण्या-दिल्लीच्या हॉटेलातली पडदे ओढून दुपारी काढायची झोप नसते. तेच ते काम रोज नव्यानं नीट करण्यात ज्याला समाधान वाटतं, त्याच्यासाठी हा पेशा आहे. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपेक्षा मी त्याची प्रयोगवही आधी बघतो ती यासाठीच. रीडिंग तीनदा घ्या म्हटल्यावर ज्यानं खरोखर तीनदा घेतलं, त्याच्याशी पुढचं बोलावं.

पण लोको पायलट आणि एअरलाइनचा पायलट यांत एक मोठा फरक आहे. नजर कमी झाली तर रेल्वे माणसाला दुसऱ्या कामावर घेते, घर चालू राहतं. एअरलाइनच्या पायलटची वैद्यकीय तपासणी नापास झाली की उडणं थांबलं आणि उडण्याबरोबर पगारही. त्यासाठी विमा मिळतो, पण पस्तिशीत रक्तदाब किंवा साखर निघालेल्या माणसाला विम्यानं दुसरं आयुष्य मिळत नाही. आणि तब्येत ठणठणीत असली तरी कंपनी ठणठणीत राहील याची हमी कोण देणार? किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. मधल्या काळात, २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत विमानसेवाच बंद होती. माझा एक विद्यार्थी अशाच एका बंद पडलेल्या कंपनीत होता. त्याचं रेटिंग बोइंगचं, आणि भरती चालू होती ती एअरबसवाल्यांकडे. पुन्हा लाखो रुपये भरून नवं रेटिंग करेपर्यंत तो भावाच्या रेती-खडीच्या धंद्याचे हिशेब लिहीत होता. आज तो कॅप्टन आहे, छान आहे. मधली वर्षं त्याच्या घरानं रेटली, कारण त्यांची भाताची शेती शाबूत होती. ती गेली असती तर तो टिकला असता असं मला वाटत नाही.

लोक म्हणतात, सर, विमानं तर शेकड्यांनी येतायत. खरं आहे. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी जाहीर केली. त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. मात्र टंचाई असते ती कॅप्टनची. दोनशे तास उडून परवाना मिळतो. कॅप्टनच्या खुर्चीसाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला किमान दीड हजार तास हवेत, आणि ते तास कंपनीनं नोकरी दिली तरच भरतात. म्हणून नवा परवानाधारक घरी बसलेला आणि कंपनी पायलट नाहीत म्हणून रडतेय, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा हे सगळ्या देशानं पाहिलं. पायलटांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली होती, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली होती, आणि वेळापत्रक मात्र जुन्याच माणसांवर बेतलेलं. त्या गोंधळात विमानतळावर अडकलेल्यांचे हाल झालेच. तरीही मला त्या नियमांचं मोल वाटतं. पायलटांच्या संघटना त्यासाठी न्यायालयात गेल्या होत्या. झोप न झालेल्या माणसाच्या हाती आपण आपली लेकरं देत नाही.

यंत्र पायलटची जागा घेईल का, हाही प्रश्न येतो. आमच्या घाटात त्याचं एक उत्तर धावतं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. विमानातही पूर्वी नेव्हिगेटर, रेडिओवाला, फ्लाइट इंजिनिअर असे सगळे बसायचे. एकेक करून उतरले. उरलेल्या दोघांतला एक कमी करावा असा प्रयत्न विमान बनवणाऱ्यांकडून चालू आहे. त्यावर २०२५ मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा यंत्रणेनं सांगितलं की, दोघांइतकीच सुरक्षितता एकट्यानं राहील असं दाखवता आलेलं नाही. आज अठरा वर्षांच्या मुलीला पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचंय. त्या सत्तेचाळीस वर्षांची खात्री मी देऊ शकत नाही, कोणत्याच पेशाची देऊ शकत नाही.

या कामाचा मोठेपणा मला नेमका कुठे दिसतो ते सांगतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी वर जायला पायवाटेशिवाय मार्ग नव्हता, जेसीबी नेता येत नव्हता. हेलिकॉप्टर तयार होती, पण हवामानामुळे उडू शकली नाहीत. चौकच्या बाजूनं वर बघणाऱ्या प्रत्येकाला ती यावीत असं वाटत होतं, मलाही. तरी त्या ढगात, त्या सुळक्यांच्या मध्ये हेलिकॉप्टर घालायचं नाही असं ठरवणं हेच पायलटचं खरं काम. सगळे ‘चल’ म्हणत असताना ‘आज नाही’ म्हणता आलं पाहिजे. त्या निर्णयाचा कुणी सत्कार करत नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं. २४२ पैकी २४१ जण गेले. त्यांत आपल्या न्हावा गावची केबिन क्रूमधली एक तरुण मुलगीही होती. त्यानंतर काही आयांनी विषयच बंद केला, आणि त्यांना मी आकडेवारी सांगत बसलो नाही. भीती खरी असते. विमानप्रवास आपल्या एक्स्प्रेसवेपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे हेही खरं, पण ते आईनं स्वतःच्या वेळेनं मान्य करायचं असतं.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्मा चालतो, चष्मा आहे म्हणून स्वप्न सोडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि रंगांधळेपणा फी भरल्यावर कळलेली घरंही. दुसरी, लेखी परीक्षा. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तंत्राचे दोन पेपर, प्रत्येकात ७० टक्के हवेत. घरी बसून अभ्यास करता येतो, खर्च लाखांत जात नाही. शिवाय रेडिओची परीक्षा आणि कामापुरतं स्वच्छ इंग्रजी. मराठी माध्यमाची मुलं इथे उगाच बिचकतात. रेडिओवरची वाक्यं ठरलेली असतात. घोटली की जमतात. हे सगळं झाल्यावरच बारामती, गोंदिया, शिरपूर, नागपूर कुठे जायचं ते बघावं, तिथे शिकणाऱ्या मुलांना महिन्याला किती तास उडायला मिळतं ते समक्ष विचारावं, आणि सगळी फी एकरकमी कधीही देऊ नये.

चौकजवळच्या एका मुलीनं असं केलं. वडील टेम्पो चालवतात, आजोबा शेती करतात. पहिल्या भेटीत वडील म्हणाले, “सर, रस्त्याकडचा तुकडा देऊन टाकतो, पोरीचं भलं होऊ दे.” मी म्हटलं, “भाऊ, आधी तिला तपासून तर घ्या.” मुलगी गप्प होती. मग तिनं विचारलं की बायका कॅप्टन होतात ना? मी तिला सौदामिनी देशमुखांचं सांगितलं. इंडियन एअरलाइन्सचं फक्त महिला कर्मचाऱ्यांनी नेलेलं पहिलं उड्डाण १९८५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली झालं होतं. आज भारतात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट.

क्लास टू झालं, क्लास वन झालं. पावसाळ्यात ती हवामानशास्त्राचं पुस्तक घेऊन यायची. डोंगराला अडलेली दमट हवा वर चढते, थंडावते, ढग होतो आणि पलीकडे कोरडी उतरते हा धडा तिला पाठ करावा लागला नाही. इर्शाळगडाकडे बोट करून ती मलाच समजावत होती की पायथ्याशी ढग किती उंचीवर सुरू झालाय आणि त्याखालून कुणी विमान घातलं तर काय होईल. मग स्वतःच म्हणाली, “घालायचंच नाही ना सर, मागे फिरायचं.”

हवामानशास्त्र आणि हवाई नियम हे दोन पेपर तिचे सुटलेत. नेव्हिगेशनमध्ये पहिल्यांदा थोडक्यात गेली, पुन्हा बसतेय. रस्त्याकडच्या तुकड्यात यंदा आजोबांनी भात लावला. वडील आता शिष्यवृत्त्यांची आणि कर्जाच्या अटींची कागदपत्रं गोळा करतायत, आणि दर रविवारी मला फोन करून एक नवा प्रश्न विचारतात. गेल्या रविवारचा होता, “सर, सहा महिने नोकरी नाही लागली तर हप्ता कोण भरणार?” हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला, तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना म्हणालो की पोरीला पाठवा.