वाऱ्यातली शेगडी

बार्बेक्यूच्या दुकानात शिरल्यावर माणसं आधी बर्नर मोजतात. मी झाकण बघते. उघडते, मिटते, मिटल्यावर कडेनं बोट फिरवते. फट कुठे राहते, बिजागरी खुळखुळते का, झाकण हाताला जड लागतं की नुसता पत्रा वाजतो, एवढं पाहिलं की निम्मी निवड झालेली असते. विक्रेता तोवर उष्णतेचे आकडे सांगत असतो. मी मान डोलावते. मेलबर्नमधल्या आमच्या मराठी टोळक्याला जोडून सुट्टी आली की घर सुचत नाही. तंबू गाडीत पडतात आणि स्वयंपाकाचं खातं आपोआप माझ्याकडे येतं. त्या खात्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, की कॅम्पिंगला न्यायच्या गॅस बार्बेक्यूत खरे पैसे झाकणाचे असतात. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

याला कारण वारा. विल्सन्स प्रॉमन्टरी हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. इथली माणसं त्याला नुसतं ‘प्रॉम’ म्हणतात. टायडल रिव्हरच्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की तंबूच्या दोऱ्या गुणगुणायला लागतात. तिथे लाकडाची शेकोटी बारा महिने बंद असते, त्यामुळे जे काही शिजवायचं ते गॅसवर. अशा वाऱ्यात उघड्या शेगडीवर तवा ठेवून पाहा. ज्योत एका अंगाला झुकते, तव्याची एक कड लाल होते, दुसरीवर कांदा पांढराच राहतो. बर्नर मोठा केला तर जास्तीची उष्णता वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या तंबूकडे जाते. उलट, घट्ट झाकणाखाली तेवढ्याच गॅसवर आत ओव्हन तयार होतो. खालून जाळीची धग, वरून झाकणाची. अन्न दोन्ही बाजूंनी शिजतं आणि वारा बाहेर बोंबलत बसतो.

इथे गॅसच्या उपकरणांची ताकद ताशी मेगाज्यूलमध्ये लिहितात. एका बर्नरच्या लहान बार्बेक्यूवर 9 च्या आसपास आकडा असतो. वेबरचा ‘बेबी क्यू’ त्याच गटातला. अमेरिकेत त्याच आकाराच्या मॉडेलवर ताशी 8,500 बीटीयू लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढंच. शेजारी ठेवलेल्या, दोन बर्नरच्या, दुमडत्या पायांच्या एखाद्या स्वस्त मॉडेलवर याच्या दीडपट-दुप्पट आकडा दिसतो आणि नवखा माणूस तिकडे वळतो. पण आकडा सांगतो की तासाला गॅस किती जळतो. त्यातलं अन्नाला किती मिळतं ते धातू ठरवतो. बेबी क्यूचं अंग आणि झाकण ओतीव ॲल्युमिनियमचं, जाळी बिडाची, वर एनॅमल. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की थंडगार मासा टाकला तरी ते लगेच निवत नाही. पातळ तारेची जाळी लगेच तापते आणि लगेच हार मानते. ज्यांच्या घरी आजीचा बिडाचा तवा होता त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. झाकण लावून दहा मिनिटं तापू द्यायचं, मग अन्न टाकायचं. ही दहा मिनिटं कुणालाच धरवत नाहीत, विशेषतः पुरुषमंडळींना. एरवी घरी ओट्याकडे न फिरकणारे आमचे सगळे दादा-काका बार्बेक्यू पेटला की हातात चिमटा घेऊन गोल उभे राहतात आणि दर अर्ध्या मिनिटाला झाकण उघडून आत बघतात. ही गोष्ट मात्र मी ऑस्ट्रेलियन आणि मराठी अशा दोन्ही घरांत सारखीच पाहिली आहे.

गॅसची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण निवडीत सगळ्यात जास्त गफलत इथे होते.

ब्युटेन साधारण उणे अर्धा अंशाला उकळतो, प्रोपेन उणे 42 अंशांना. शाळेच्या पुस्तकातली ही माहिती आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरात जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, सकाळी एकदम जिवंत होते. पारा शून्याखाली गेला की ब्युटेनच्या डब्यात द्रव हलताना ऐकू येतो, पण त्याची वाफच होत नाही, आणि वाफ नाही तर ज्योत नाही. शिवाय वाफ होताना गॅस स्वतःच्याच टाकीतली उष्णता खेचून घेतो, म्हणून चालू शेगडीचा डबा हाताला गार लागतो, दमट हवेत त्यावर दहिवर जमतं, आणि लहान डबा मोठ्या सिलिंडरपेक्षा फार लवकर गारठतो. चहा अर्धा होतो आणि ज्योत मरगळते. प्रोपेनला ही अडचण आपल्याला झेपेल तेवढ्या थंडीत येतच नाही. म्हणून ज्यांना हिवाळ्यातही बाहेर पडायचं आहे त्यांनी प्रोपेनच्या सिलिंडरवर चालणारा बार्बेक्यू घ्यावा, यावर मी वाद घालत नाही.

प्लास्टिकच्या पेटीत येणारी, 220 ग्रॅमचा ब्युटेनचा डबा आडवा बसवायची ती चपटी शेगडी स्वस्त असते आणि प्रत्येक मराठी घरात एक तरी सापडते. चहा-पोह्यांना ती उत्तम. पण 2015 मध्ये इथल्या गॅस सुरक्षा नियामकांनी तिच्या अनेक मॉडेलांची मान्यता थांबवली होती. डबा जास्त तापून दाब वाढला की पुरवठा आपोआप तुटायला हवा, तो खात्रीनं तुटत नव्हता. पुढे सुधारलेल्या शेगड्या बाजारात आल्या. तरी तिच्यावर डब्याच्या जागेपर्यंत पसरणारा मोठा तवा ठेवणं, किंवा दोन शेगड्या शेजारी लावून वर एकच लांब पत्रा टाकून ‘बार्बेक्यू’ करणं, हे प्रकार मी चालू देत नाही. तव्याची धग सरळ डब्यावर उतरते. कुणी अगदी हौसेनं तशी मांडामांड केली असेल तरी मी ती उचलून ठेवते. रुसवा काढायला रात्र पडलेली असते.

सिलिंडर किती मोठा घ्यावा? एलपीजीच्या एका किलोत साधारण 49 मेगाज्यूल असतात. 4 किलोच्या टाकीत झाले 196. ताशी 9 खाणारा बर्नर पूर्ण उघडा ठेवला तरी ती एकवीस-बावीस तास चालेल, आणि आपण तो पूर्ण उघडा सतत ठेवत नाहीच. म्हणजे तीन रात्रींच्या सहलीला 9 किलोचं धूड नेण्याची काही गरज नाही. उलट, अर्ध्या किलोच्या आतबाहेरचा, वापरून टाकायचा प्रोपेनचा डबा जेमतेम अडीच तास देतो. तीन कुटुंबांचं एक संध्याकाळचं जेवण आणि सकाळचा चहा, संपला. टाकीत किती उरलंय ते ओळखायला गेज लागत नाही. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याशी कोरलेलं असतं. ताणकाट्याला अडकवायची आणि वजा करायचं. काटा नसेल तर टाकीवर एका बाजूनं गरम पाणी ओतून हात फिरवावा. जिथे एकदम गार लागतं तिथवर द्रव आहे.

टाकीवर तपासणीची तारीखही असते. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष लिहितात, तसं इथे महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासणी लागते. ती उलटली की भरणारे हात लावत नाहीत. जोडण्याही बदलल्या आहेत: जुनी पीओएल डाव्या आट्याची, नवी एलसीसी27 उजव्या आट्याची, हातानं आवळायची आणि नीट बसल्याशिवाय गॅस न सोडणारी. जुना बार्बेक्यू कुणाकडून स्वस्तात घेताना आधी त्याच्या नळीचं टोक बघावं, मग बाकीचं. नळी वाकवून बघावी. भेगा दिसल्या तर नवी नळी घ्यायची, घासाघीस करायची नाही. जोडल्यावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की गॅस बंद. काडी पेटवून गळती शोधणारे अजूनही भेटतात, त्यांच्यापासून मी आणि पोरं लांब राहतो. आणि कितीही पाऊस असला तरी बार्बेक्यू तंबूच्या आत नाही, तंबूच्या पडवीतही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो गळला तर खाली साचतो. आणि नीट जळला तरी बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका राहतोच. त्या विषाला वास नसतो.

उन्हाळ्यात आणखी एक पाहुणा असतो, टोटल फायर बॅन, म्हणजे वणव्याचा धोका असलेल्या दिवशी उघड्यावरच्या आगीवर बंदी. 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत या राज्यात 173 माणसं गेली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रॉमवर वीज पडून आग लागली होती. त्यामुळे बंदीचा दिवस इथे कुणी थट्टेवारी नेत नाही. व्हिक्टोरियात अशा दिवशी लाकूड-कोळसा पूर्ण बंद, गॅसच्या बार्बेक्यूला मात्र अटींवर मुभा आहे: भोवती 3 मीटर पेटण्यासारखं काही नको, हाताशी पाण्याची जोडलेली नळी किंवा किमान 10 लिटर पाणी हवं, आणि आग विझवू शकेल असं मोठं माणूस पूर्ण वेळ जवळ हवं. राष्ट्रीय उद्यानांचे नियम याहून कडक असू शकतात, ते निघण्यापूर्वी वाचायचे. कोळशाच्या चवीचे भक्त मला दर वर्षी गॅसवरून टोमणे मारतात, आणि दर जानेवारीत माझ्याच जाळीवर जेवतात.

चवीबद्दल त्यांचं सगळंच खोटं नाही. पण धुराची जी चव आपण कोळशाच्या नावावर जमा करतो, तिच्यातला मोठा भाग अन्नातूनच गळलेल्या रस-चरबीचा असतो. थेंब खाली तापलेल्या धातूवर पडतो, जळतो आणि वाफेसकट वर येतो. झाकण असेल तर तो वास आत राहतो, इथे पुन्हा झाकणच कामाला येतं. पोपटीचा वास मात्र गॅसवर येत नाही. मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि पेंढ्याचा जाळ, यांना अलिबागकडेच राहू द्यावं. मी त्याची नक्कल करत नाही. वांग्याचं भरीत मात्र इथे फार झकास होतं. इथली मोठी काळी वांगी गरदार असतात. दोन-चार ठिकाणी सुरी टोचायची, तेलाचा हात फिरवायचा, आणि झाकणाखाली फिरवत फिरवत ती पार खाली बसेपर्यंत ठेवायची. सालासकट कांदे शेजारी. कणसं पानांसकट.

माशाला रवा लावून जाळीवर टाकू नये. रवा खाली पडतो, जळतो आणि मासा जाळीला धरतो. त्याला सपाट पत्रा हवा. जाळीवर टाकायचा तर लिंबू, हळद, लसूण, तिखट एवढंच, वरून तेल, आणि हलवायची घाई नाही. खालची बाजू शिजली की मासा स्वतःच जाळी सोडतो. गूळ-चिंचेचं वाटण शेवटच्या दोन मिनिटांत लावावं.

आता त्या प्रश्नाकडे येते, ज्याबद्दल कुठल्याही जाहिरातीत एक ओळ नसते. आमच्यात तीन घरं शुद्ध शाकाहारी आहेत. त्यातल्या एक काकू कांदा-लसूण सगळं खातात, पण सॉसेज भाजलेल्या जाळीवरचं पनीर त्यांच्या घशाखाली उतरणार नाही, आणि का उतरावं? म्हणून मी अखंड जाळीचा बार्बेक्यू घेतच नाही. जाळी दोन भागांत निघणारी हवी, म्हणजे एका बाजूला अर्धा सपाट पत्रा बसवता येतो. तरीही झाकणाखालची वाफ एकच असते, तेव्हा आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी भरिताची वांगी, पनीर, थालीपीठं. ती वाढून झाली की मग कोंबडी आणि सॉसेज. चिमटे दोन, एकाच्या मुठीला हिरवी दोरी. दुसऱ्या दिवसासाठी शाकाहारी जाळी वेगळ्या पिशवीत. कॅडॅकसारख्या गोल शेगड्यांना बदलायच्या थाळ्या मिळतात, त्यांचाही या कामी चांगला उपयोग होतो. त्यांच्यावर पातेलं ठेवता येतं हा वरचा फायदा. ओतीव झाकणाची सर त्यांना नाही, पण ज्यांना भात-आमटीही त्याच शेगडीवर करायची आहे त्यांना मी तेच सुचवते.

चरबी कुठे जाते तेही दुकानातच बघावं. खालचा ट्रे बाहेर सरकतो का, त्याला टाकाऊ ॲल्युमिनियमची थाळी बसते का. रात्री ट्रे भरलेला सोडला तर पोसम येतात. टायडल रिव्हरचे वॉम्बॅट तर खाण्याच्या वासानं तंबूचं कापड फाडून आत शिरण्यासाठी प्रसिद्ध आहेत. जेवणं झाली की जाळी गरम असतानाच ब्रशनं घासायची, ट्रे रिकामा करायचा आणि खाणं गाडीत बंद करायचं. हे काम करायला चिमटेवाल्या मंडळींतलं कुणी उरलेलं नसतं.

नुकतंच पुण्या-नाशकाहून आलेलं एखादं जोडपं विचारतं, “ताई, कोणता घेऊ?” मी म्हणते, आत्ता काहीच घेऊ नका. इथल्या बागांमधून फुकटचे सार्वजनिक बार्बेक्यू असतात, बटण दाबलं की चालू. एक उन्हाळा तिथे भाजा. आपल्याला खरंच काय खायला आवडतं, किती माणसांचं करावं लागतं, कोण झाकण उघडत राहतं, ते कळेल. मग दोन सहलींना माझा घेऊन जा. जाळी घासून परत द्यायची आणि टाकीचं वजन करून द्यायचं, अंदाजे सांगितलेलं चालणार नाही.